अपवादांची वही

सरकारी विद्यापीठातल्या प्रत्येक विभागात एक डेडस्टॉक रजिस्टर असतं. जाड पुठ्ठ्याचं, कापडी पाठीचं. त्यात टेबल असतं, पंखा असतो, लोखंडी कपाट असतं आणि 'संगणक संच' असतो. खरेदीची तारीख, बिल क्रमांक, पुरवठादार, किंमत, शेवटी सही. डब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं घातलेला क्रमांक रजिस्टरमधल्या क्रमांकाशी जुळला की ऑडिटवाले खूश. त्या यंत्रात कुठली विंडोज आहे, ती शेवटची कधी अपडेट झाली, यंत्र कोण वापरतं, नेटवर्कवर त्याचा पत्ता काय, यासाठी मात्र त्या पानावर रकानाच नसतो.

मी अशाच एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात काम करते. विभागांनी संगणक सुरक्षेची काही किमान मानकं पाळावीत, यासाठी जे काही चालू असतं त्यात माझा बराचसा वेळ जातो. ही मानकं कुठलीही घ्या, आयएसओ 27001 हे आंतरराष्ट्रीय मानक घ्या नाहीतर सीआयएस या अमेरिकन संस्थेचे कंट्रोल्स, म्हणजे सुरक्षेच्या उपायांची यादी, सुरुवातीचा हट्ट एकच असतो: तुमच्याकडे काय काय आहे ते आधी सांगा. सीआयएसच्या 2021 सालच्या आठव्या आवृत्तीत 18 कंट्रोल्स आहेत. त्यातलं पहिलं यंत्रांची यादी करायला सांगतं आणि दुसरं सॉफ्टवेअरची. फायरवॉल, अँटिव्हायरस वगैरे मंडळी नंतर येतात.

वाचताना हे फार सोपं वाटतं. पण विभागाचं रजिस्टर आणि नेटवर्कवर प्रत्यक्ष बोलणारी यंत्रं समोरासमोर ठेवली, की दोन वेगळ्या विद्यापीठांबद्दल चर्चा चालली आहे असं वाटायला लागतं. रजिस्टरमध्ये जिवंत असलेले कित्येक संच जिन्याखाली धूळ खात निर्लेखन समितीची, म्हणजे जुनं सामान रजिस्टरमधून कमी करणाऱ्या समितीची, वाट बघत असतात. उलट नेटवर्कवर दिसणाऱ्या निम्म्या गोष्टी रजिस्टरच्या गावीही नसतात: एखाद्या सरांच्या प्रकल्पातून आलेला सर्व्हर, माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेले लॅपटॉप, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, हजेरीचं अंगठ्याचं मशीन आणि "वायफाय पोचत नाही" म्हणून कुणीतरी स्वखर्चानं आणून टेबलाखाली लावलेला राउटर. हा राउटर कुणी लावला असं विचारलं की सगळा विभाग छताकडे बघतो.

निर्लेखनाची वाट बघणारं यंत्र किती महागात पडतं, हे ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीनं जगाला सांगून ठेवलंय. नोव्हेंबर 2018 मध्ये तिथे घुसखोरी सुरू झाली आणि 2019 च्या जूनमध्ये विद्यापीठानं ती जाहीर केली. सुरुवात झाली ती एका वरिष्ठ व्यक्तीला आलेल्या मेलपासून. तो मेल क्लिकसुद्धा केला नव्हता, नुसता प्रिव्ह्यूमध्ये दिसला होता. घुसखोरांना पुढे पाय रोवायला जे यंत्र सापडलं, ते होतं चाचणीचं सॉफ्टवेअर ठेवलेला एक जुना सर्व्हर. तो 2019 मध्ये सेवेतून काढायचं आधीच ठरलेलं होतं. पण ठरलं होतं एवढंच. तोवर तो चालू होता आणि नेटवर्कच्या अशा भागाला जोडलेला होता जिथून विद्यापीठात पुष्कळ ठिकाणी जाता येत होतं. विद्यापीठानं ऑक्टोबर 2019 मध्ये हे सगळं एका अहवालात लिहून चक्क प्रसिद्ध केलं. आमच्याकडे मी तो अहवाल निर्लेखन समितीच्या सदस्यांना वाचायला दिला. समितीत एक लेखा विभागाचे गृहस्थ होते. ते म्हणाले, "म्हणजे मॅडम, भंगार म्हणून लिहिलेलं यंत्र आधी वायर काढून मग लिहायचं." इतकं नेमकं वाक्य मला कुठल्याही मानकात सापडलेलं नाही.

आता परिपत्रकाबद्दल. विद्यापीठात कुठलीही गोष्ट अमलात आणायची म्हटलं की पहिलं पाऊल परिपत्रकाचं, आणि बहुतेक वेळा शेवटचंही तेच. "सर्व विभागप्रमुख, संचालक व शाखाधिकारी यांना कळविण्यात येते की..." पासवर्ड लांब ठेवा, यंत्रं अद्ययावत करा, अनधिकृत सॉफ्टवेअर काढून टाका आणि अनुपालन अहवाल पंधरा दिवसांत सादर करा. आमच्याही परिपत्रकाचे अनुपालन अहवाल आले. झाडून सगळ्या विभागांचे आले, वेळेत आले, आणि बहुतेकांत एकच वाक्य होतं: "उपरोक्त परिपत्रकातील सर्व सूचनांचे अनुपालन करण्यात आले आहे." काहींत तर स्वल्पविरामाची चूकही तीच. एका कार्यालयानं मसुदा केला, तो व्हॉट्सॲपवर फिरला, बाकीच्यांनी लेटरहेड बदललं. कागदावर आम्ही बँकेपेक्षा सुरक्षित झालो होतो.

यावर आमच्या केंद्रात नेहमीची चर्चा झाली: लोकांना गांभीर्यच नाही, दंड लावा, नेटवर्क तोडा. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. बँकेत मुख्यालय ठरवतं आणि शाखा पाळते. विद्यापीठात मुख्यालय म्हणावं असं काही नसतंच. विभागप्रमुखपद काही वर्षांनी दुसऱ्याकडे जातं, त्यामुळे आजच्या प्रमुखाला उद्या ज्यांच्या हाताखाली काम करायचंय त्यांच्यावर तो सक्ती करत नाही. प्रकल्पाचा पैसा दिल्लीहून थेट प्राध्यापकाच्या नावानं येतो. यंत्र त्यातून घेतलं जातं आणि संगणक केंद्राला त्याची खबर ते बिघडल्यावर लागते. एकाला त्याच्या गणितासाठी सर्व्हर रात्रभर बाहेरून उघडा लागतो, दुसऱ्याला परदेशातल्या सहकाऱ्यासाठी एखादा पोर्ट, म्हणजे नेटवर्कचं एखादं दार. या मोकळेपणाला शिव्या घालणं सोपं आहे, पण संशोधन त्याच्याच जोरावर होतं. आणि मुख्य म्हणजे आमच्या परिपत्रकात "आम्हाला हे जमणार नाही" असं म्हणायला जागाच ठेवलेली नव्हती. होकाराखेरीज दुसरा रकाना नसेल तर होकारच येणार.

भौतिकशास्त्र विभागात एक एक्सआरडी यंत्र आहे. भुकटीच्या नमुन्यावर क्ष-किरण टाकून त्याची स्फटिकरचना सांगणारं. कपाटाएवढी पेटी, जाड शिशाची काच, मागून थंड पाण्याची नळी, आणि बाजूच्या टेबलावर ते चालवणारा संगणक. त्या संगणकात विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेचे अपडेट देणं, 8 एप्रिल 2014 ला थांबवला. पण यंत्राशी बोलणारं कार्ड आणि त्याचं सॉफ्टवेअर एक्सपीखेरीज कशावर चालत नाही. नवं सॉफ्टवेअर हवं तर नवा कंट्रोलर घ्या असं कंपनी सांगते, आणि त्याची किंमत ऐकून विभागप्रमुख विषय बदलतात. संलग्न महाविद्यालयांतली पोरं नमुन्याच्या पुड्या घेऊन एसटीनं येतात, शुल्काची पावती फाडतात आणि वहीत नाव लिहून नंबराची वाट बघत बाहेर बाकावर बसतात.

मी तिथे मानकांचा तक्ता घेऊन गेले तेव्हा तिथल्या तंत्रसहायकांनी तो शांतपणे वाचला. मग म्हणाले, "मॅडम, तुमचा कलम तीन पाळायचा तर हे यंत्र आज बंद करावं लागेल. बाहेर बसलेल्या पोरांना तुम्ही सांगता का मी सांगू?"

मग आम्ही तिथेच खुर्च्या ओढून बसलो. आतलं निकाल-फाइलींचं काम कसं चालतं ते त्यांनी दाखवलं. दर विद्यार्थी आपला पेन ड्राइव्ह लावतो, आपली फाइल उतरवून घेतो. ते पेन ड्राइव्ह चार ठिकाणच्या सायबर कॅफेतून आणि झेरॉक्सच्या दुकानांतून फिरून आलेले. शिवाय तोच संगणक लॅनला, म्हणजे विद्यापीठाच्या नेटवर्कलाही जोडलेला, कारण कधीतरी कुणीतरी प्रिंटर हवा म्हणून वायर ओढली होती. धोका खरा तर या दोन गोष्टींत होता आणि दोन्ही एक्सपी न काढता थांबवता येत होत्या. लॅनची वायर काढली. शेजारी एक जुनाच पण लिनक्स घातलेला संगणक ठेवला, दोघांमध्ये एकच सरळ केबल, आणि फाइली एक्सपीकडून बाहेर येतील पण उलट काही आत जाणार नाही अशी व्यवस्था केली. विद्यार्थ्याला फाइल त्या मधल्या संगणकावरून मेलनं जाते. पेन ड्राइव्हच्या जागा बंद केल्या. वर सहायकांनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला: "येथे पेन ड्राइव्ह लावू नये. विचारूही नये." यातली निम्मी कल्पना त्यांची होती. रेडिएशनच्या बाबतीत पेटीचं दार उघडं असताना किरण सुरूच होत नाहीत, तसं इथेही माणसाच्या शहाणपणावर काही ठेवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशीच्या कागदावरून पुढे आमची अपवादांची वही झाली. वही म्हणजे खरं तर स्प्रेडशीट, पण नाव पडलं ते पडलं. रकाने सहा: यंत्र कुठलं, कुठला नियम पाळता येत नाही, का, त्याऐवजी काय केलंय, कुणाच्या सहीनं, आणि कधीपर्यंत. शेवटचे दोन सगळ्यात महत्त्वाचे. पहिली नोंद आम्ही मुद्दाम आमच्याच केंद्राची केली. आमचाही एक सर्व्हर वय झालेला होता आणि त्याची बदली खरेदी समितीकडे अडकली होती. ती नोंद बघितल्यावर विभागांची भीड चेपली. पंधरा दिवसांत शंभर टक्के अनुपालन करणाऱ्या विभागांनी हळूहळू खरं सांगायला सुरुवात केली. रसायनशास्त्राचे स्पेक्ट्रोमीटर आले, ग्रंथालयाचं एक जुनं सॉफ्टवेअर आलं, संगीत विभागाचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र आलं. मानकं किती पाळली जातात हे मला अनुपालन अहवालातून कधीच कळलं नव्हतं. अपवादांच्या वहीतून कळायला लागलं.

विद्यापीठात नियम मोडणारा माणूस बहुधा चोर नसतो, त्याचं काम अडलेलं असतं. याचा पुरावा संगणकाच्या पासवर्डाइतकाच जुना आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये साठच्या दशकाच्या सुरुवातीला एका मोठ्या संगणकावर अनेकांना वाटून काम करता यावं अशी व्यवस्था झाली आणि प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आले. 1962 मध्ये ॲलन शेर नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला 4 तासांचा वेळ मिळत होता आणि तो त्याच्या प्रयोगांना पुरत नव्हता. त्यानं एका पंचकार्डावर विनंती लिहून पासवर्डांची अख्खी फाइल छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या वाट्याचा वेळ वापरला. पुढे कित्येक वर्षांनी त्यानं ते स्वतःच सांगितलं. आमच्या वसतिगृहातला जो पोरगा प्रयोगशाळेचा वायफाय पासवर्ड मित्राला देतो, त्याचं कारणही फारसं वेगळं नसतं.

पासवर्डावरून आठवलं. दर तीस दिवसांनी पासवर्ड बदला ही आमच्या जुन्या परिपत्रकातली लाडकी अट होती. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेनं 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत सांगून टाकलं की कारण नसताना ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका. फुटल्याची शंका आली तर बदला. जानेवारीच्या पासवर्डात फेब्रुवारी घालणारी जनता आमच्याही कार्यालयात होतीच, आणि तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवणारीही. ती अट काढल्यावर बाकीच्या चार अटी लोकांनी जास्त मनावर घेतल्या. पण दोन टप्प्यांच्या पडताळणीवर आलो तेव्हा नवीच अडचण आली. कोड येणार मोबाइलवर, आणि मोबाइल कर्मचाऱ्याचा स्वतःचा. "माझा फोन, माझं रिचार्ज, आणि लॉगिन परीक्षा विभागाचं?" असं एका वरिष्ठ लिपिक बाईंनी विचारलं आणि कर्मचारी संघटनेनं तो प्रश्न उचलून धरला. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटलं. मानक लिहिणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं की प्रत्येकाला संस्थेनं फोन दिलाय. शेवटी परीक्षा आणि वित्त विभागांसाठी यूएसबीत लावायच्या छोट्या किल्ल्या घेतल्या. महाग पडल्या, पण वाद संपला.

सगळ्यात मोठा धक्का मात्र समाजशास्त्र विभागानं दिला. आमच्या यादीत तो शेवटी होता. चार संगणक, एक प्रिंटर, "आमच्याकडे काय चोरायचंय?" असं हसत म्हणणाऱ्या मॅडम. बोलता बोलता कळलं की त्यांच्या संशोधक विद्यार्थ्यांनी गावागावांत जाऊन सर्वेक्षणं केली आहेत. कुटुंबाची जात, उत्पन्न, कर्ज, घरातली आजारपणं, काही ठिकाणी बायकांनी विश्वासानं सांगितलेल्या मारहाणीच्या हकिकती. नावगावासकट. हे सगळं विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर, एक्सेलच्या फाइलींत, आणि त्यातला एक लॅपटॉप मध्यंतरी रेल्वेत हरवलेला. भौतिकशास्त्राच्या यंत्रातून स्फटिकांचे आलेख गेले असते तर फार कुणाचं बिघडलं नसतं. इथे आमच्या एकाही तक्त्यात या विभागाला 'धोका जास्त' असं म्हटलेलं नव्हतं, कारण आमचे तक्ते यंत्रं मोजत होते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला. पण त्या मॅडमना पटवायला कायद्याची गरज पडली नाही. "तुमच्या विद्यार्थिनीला ज्या बाईनं घरात घेऊन चहा दिला, तिचं नाव त्या फाइलीत आहे," एवढंच बोलणं झालं. महिन्याभरात त्यांनी नावं वेगळ्या फाइलीत, क्रमांक वेगळ्या फाइलीत, आणि लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केल्याशिवाय, म्हणजे पासवर्डाविना वाचताच येणार नाही अशी केल्याशिवाय, क्षेत्रकार्याला परवानगी नाही, असा विभागाचा स्वतःचा नियम केला. आमच्या नियमापेक्षा तो कडक आहे.

मानकांवर खर्च कशाला, असं विचारणाऱ्या समित्यांना मी जर्मनीतल्या गीसन विद्यापीठाची गोष्ट सांगते. डिसेंबर 2019 मध्ये हल्ल्यामुळे त्यांना सगळं नेटवर्क बंद करावं लागलं. नंतर विद्यार्थी आणि कर्मचारी मिळून सुमारे 38,000 जणांचे पासवर्ड नव्यानं द्यायचे होते, आणि ते मेलनं देता येईनात. ओळखपत्र दाखवून समक्षच घ्यावे लागले. व्यायामशाळेत रांगा लागल्या, जन्मतारखेप्रमाणे दिवस वाटून दिले, हातात छापील कागद. तपासून झालेल्या संगणकांवर हिरवे स्टिकर. आपल्या प्रवेशाच्या दिवसांतल्या रांगा बघितलेल्या माणसाला ते चित्र लगेच दिसतं. त्याच महिन्यात नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात, नाताळच्या तोंडावर, 267 सर्व्हर हल्लेखोरांनी खंडणीसाठी कुलूपबंद केले. ऑक्टोबरमध्ये उघडलेल्या एका फसव्या मेलपासून हल्लेखोर दोन महिने आत हिंडत होते आणि काही सर्व्हरवर सुरक्षेचे अपडेट राहून गेलेले होते. विद्यापीठानं 30 बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे 2 लाख युरो, मोजले. फेब्रुवारी 2020 मध्ये त्यांनी जाहीर सभा घेऊन सगळी हकिकत सांगितली. खंडणी द्यावी का यावर वाद घालता येईल, पण ही सभा घेण्याचं धैर्य मला फार मोठं वाटतं.

कारण आपल्याकडे खरी अडचण सांगण्याचीच आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं 28 एप्रिल 2022 ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे सुरक्षेची घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते आणि नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. आता आमच्याकडे एखाद्या लिपिकाच्या पडद्यावर खंडणीची पाटी उमटली तर तो आधी संगणक बंद करणार, मग शेजारच्याला बोलावणार, मग बडे बाबूंना. बाबू प्रमुखांना विचारणार, प्रमुख बैठकीत असणार. "आधी साध्या कागदावर टिपणी द्या." सहा तास टिपणीला जावक क्रमांक पडण्यातच जातील. म्हणून आम्ही एक गोष्ट हट्टानं करून घेतली: अशी घटना कळवायला कुणाच्याही परवानगीची गरज नाही, आणि कळवणाऱ्याला कारणे दाखवा नोटीस मिळणार नाही, हे कुलसचिवांच्या सहीनं लिहून घेतलं. त्या एका कागदानंतर आम्हाला येणारे फोन वाढले. बहुतेक निष्फळ असतात, प्रिंटर अडकल्याचेही असतात. येऊ देत.

वहीतल्या सहीच्या रकान्यानं मात्र आम्हीही न योजलेली एक गोष्ट केली. आधी एखादं जुनं यंत्र धोकादायक आहे हे आमचं रडगाणं होतं. आता त्याच वाक्याखाली विभागप्रमुखांना सही करायची होती: "हा धोका मला ठाऊक आहे आणि अमुक तारखेपर्यंत तो मी स्वीकारत आहे." एका प्रमुखांनी सही करायला साफ नकार दिला. "निधीअभावी बदल शक्य नाही, सबब वित्त विभागाने निर्णय घ्यावा," असा शेरा मारून फाइल पुढे ढकलली. मला आधी राग आला, मग आनंद झाला. वित्त विभागालाही सही करायची नव्हती. त्यांनी ती वित्त व लेखा समितीपुढे ठेवली आणि तिथे प्रथमच कुणीतरी विचारलं की प्रकल्पातून यंत्र घेताना आपण पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा पैसा धरतो का. धरत नव्हतो. आता संगणक नूतनीकरणाचं एक लहानसं लेखाशीर्ष अंदाजपत्रकात आलंय. प्रकल्प संपल्यावर यंत्राचा बाप कोण यावर भांडण चालूच आहे. विभाग केंद्राकडे बोट दाखवतो, केंद्र विभागाकडे, आणि लेखाधिकारी मूळ मंजुरीपत्र मागतात.

विंडोज 10 चा पाठिंबाही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे वही फुगली आहे. एक्सआरडीच्या नोंदीची मुदत मार्चअखेर संपते. नव्या कंट्रोलरचं कोटेशन आलंय आणि तांत्रिक समितीची बैठक लागली आहे. पैसे सुटले नाहीत तर मुदतवाढ मागावी लागेल. पण कारणाच्या रकान्यात नुसतं 'निधी नाही' लिहून या वेळी भागणार नाही. कुणाकडे मागितला, कधी मागितला आणि त्यांनी काय उत्तर दिलं तेही लिहायचं, असं माहिती तंत्रज्ञान मंडळानं मागच्या बैठकीत ठरवलंय.